मामांची नजर

मामांची नजर म्हणजे काय विचारता! जंगलात पर्यटकांची जीप हाकताना ते नुसतं बोट दाखवायचे आणि झुडपातून खरंच बिबट्या निघायचा. सगळे ड्रायव्हर त्यांना मामा म्हणत, म्हणून बायकोही आपोआप मामी झाली. सफारी संपली की पाहुणे बोटीनं बेटावर आराम करायला जायचे आणि मामा त्यांना धक्क्यावर सोडून, कपड्यांवरची धूळ झटकत माघारी. स्वतः कधी त्या बेटावर पाऊल टाकलं नव्हतं.

यंदा एका जोडप्याचा बेत फिसकटला, तेव्हा सफारीच्या मालकांनी त्यांची बेटावरची खोली मामांनाच देऊन टाकली. मामी हरखली. मामा मात्र जायला टाळाटाळ करू लागले, कारण वर्षभरापासून त्यांना ना लांबचं धड दिसत होतं, ना जवळचं बारीक. जंगलात निभावून जायचं. माकडं ओरडली, हरणं बिथरली की त्या अंगाला गाडी वळवायची, आणि पाहुणे किंचाळले की आपण मान डोलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण परवा वाटेत आडवा उभा असलेला हत्ती त्यांना पार जवळ गेल्यावर दिसला. मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. ब्रेक लागला, हत्ती निघून गेला, पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मामांना तेव्हापासून घास गोड लागेना.

बेटावर करायला काही म्हणजे काही नव्हतं. व्हरांड्यात दोन आरामखुर्च्या, समोर वाळू आणि पाणी. वर्दी द्यायला इथं ना माकड, ना हरीण. मामी मजेत पाय पसरून बसली. थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, ती होडी इकडे येतेय की तिकडे चाललीय? मामांनी दिलं ठोकून, येतेय म्हणून.

"तिथं होडीच नाही," मामी म्हणाली.

मग लपवण्यासारखं राहिलंच काय? मामांनी हत्तीचं सगळं सांगून टाकलं, मुलांसकट. मामी संतापली. डोळे अधू झाल्याचा नव्हे, तोंड शिवून बसल्याचा तिला राग आला होता.

"तुमची अब्रू मोठी की त्या पोरांचा जीव?"

"गाडी हातातून गेली तर मी कोण गं उरलो?"

"ते मागाहून बघू. आधी फोन लावा."

मामांना फोनवरचे आकडे दिसेनात. शेवटी तिनंच नंबर लावून दिला.

"मालक, गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या," मामा म्हणाले. "मला दिसत नाही."

त्या दुपारी मामा खुर्चीतच असे गाढ झोपले, की मामीनं त्यांना जेवायलासुद्धा उठवलं नाही.