सरकीच्या तेलावर चाललेली करवत

वखारीवर उखर्डूचा हात दारूमुळे गेला, असं टपरीवर चहा पिताना तुम्हीही म्हणालात की नाही? खरं सांगा. शेठ गिऱ्हाइकाला बोलला, गिऱ्हाईक तुम्हाला, तुम्ही पुढच्याला. उखर्डूला कुणी विचारलं?

त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. त्यावरून हे नाव. मिसरूड फुटल्यापासून तो शिरपूरला बन्सीलाल शेठच्या वखारीत. मोठ्या करवतीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं भिकाच्या. अर्धं आयुष्य दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत लाकूड कापत होते. ब्याण्णव साली शेठनं सुरतेहून विजेची साखळीवाली करवत आणली. ती एकट्यालाच पुरते, म्हणून भिका घरी बसला.

या करवतीची दातांची साखळी लोखंडी पट्टीच्या खाचेत फिरते. टाकीतलं तेल एका बारीक भोकातून खाचेत उतरतं. तेल आलं नाही की साखळी तापते, तापली की लांबते, ढिली होते, आणि ढिली साखळी खाचेतून उडते. म्हणून मशीनचं तेल घालायचं असतं. पण शेठच्या मेहुण्याची तेलाची गिरणी. आमच्याकडे भजी, दिवा, दाराची बिजागरी, सगळं सरकीच्या तेलावर. शेठनं करवतीलाही तेच पाजलं, तेही कच्चं, गाळासकट. ते तापून भुशात मिसळलं की भोकात गोंद होऊन बसतं.

"शेठ, हाई तेल नको," उखर्डू म्हणायचा.

"अरे, याच तेलात माणसं भजी तळून खातात. तुझी साखळी काय महाराणी लागून गेली?"

"भज्यासले दात नही ऱ्हातस शेठ."

वखार हसायची, शेठसुद्धा. तेल मात्र तेच यायचं. मग उखर्डू रोज सकाळी पट्टी खोलायचा, तुटक्या पात्यानं खाच खरवडायचा, भोकात तार घालायचा, टाकी रॉकेलनं धुवायचा. करवत चालू करून तिचं टोक कोऱ्या फळीसमोर धरायचा. फळीवर तेलाचे शिंतोडे उडाले तरच लाकडाला लावायची. नाही उडाले तर पुन्हा खोल.

चौऱ्याण्णवच्या भादव्यात, भर दुपारी, झुलाल नाना आपली माणसं आणि ट्रॅक्टर घेऊन आले. नानांची आई वारली होती. वाळलेलं लाकूड संपलेलं. पत्र्याखाली कडुलिंबाचे जाड ओंडके तेवढे होते. त्या वखारीची एक रीत होती: मयताचं लाकूड सांगितलं की हातातलं काम टाकायचं, आणि ते पुरं होईपर्यंत थांबायचं नाही.

उखर्डूनं करवत लावली. सकाळपासून कापून कापून तेलाचं भोक भरत आलं होतं. दुसऱ्याच ओंडक्याला धूर निघाला. त्यानं बटण बंद केलं आणि पाना उचलला.

"तेल येत नही, नाना. पट्टी खोलनी पडी."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "माय घरमां पडेल शे, अन तू पाना लीसन बसस?"

गादीवरून शेठ म्हणाला, "मयताचं लाकूड अडवतोस होय रे?"

उखर्डूनं पाना खाली ठेवला. बाटलीनं साखळीवर वरून तेल ओतलं आणि पुन्हा बटण दाबलं. वरून ओतलेलं तेल चार फेऱ्यांत उडून गेलं. साखळी खाचेतून सुटली, तुटली आणि चाबकासारखी मागं त्याच्या उजव्या हातावर आली. अंगठा तेवढा राहिला. ओंडक्यावरचं रक्त कुणीतरी पाण्यानं धुतलं आणि ट्रॅक्टर गेला. जाणं भागच होतं, त्याबद्दल मी कुणाला बोलत नाही.

बोलतो ते पुढच्याबद्दल. उखर्डू दवाखान्यात असताना शेठनं करवत धुऊन घेतली, नवी साखळी चढवली, टाकीत मशीनचं तेल भरलं. सरकारी साहेब अपघात तपासायला आला तेव्हा करवत नवरीसारखी सजून बसलेली. कागदावर लिहिलं गेलं: यंत्र ठीक, कामगार प्यायलेला. तो सणासुदीला प्यायचा, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी नाही. पण हा एक शब्द कोर्टात टिकला तर भरपाई बुडाली. आज बायको द्रौपदाबाई त्याला घास भरवते, आणि तो मान फिरवून खातो.

उखर्डूचा दावा मी चालवतोय, म्हणून साक्ष मागायला झुलाल नानांकडे गेलो. म्हणाले, "मनी मायना मौतना दिवस मी कोर्टमां उगाळू का?"

"नाना," मी म्हणालो, "तुमच्या मायच्या लाकडासाठीच त्यानं पाना खाली ठेवला." ते आत निघून गेले. मी डोकं धरून ओट्यावर बसलो; नाहीतर काही वेडंवाकडं बोलून आलो असतो.

पण ट्रॅक्टरवर नाना एकटे नव्हते. तुम्ही होतात. धूर तुमच्या नाकात गेला, त्यानं बटण बंद केलेलं तुम्ही पाहिलं. येत्या सोमवारी धुळ्याच्या कामगार कोर्टात तारीख आहे. शेठविरुद्ध बोलू नका, माझ्या बाजूनंही बोलू नका. उखर्डू शुद्धीत होता आणि त्यानं करवत थांबवली होती, एवढंच सांगायला या.