पोटावरची दोरी

इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या त्या गावात सगळ्यांची गुरं एकाच सामाईक गोठ्यात. चोरांच्या भीतीने पुरुष पाळीपाळीने राखण करतात, आणि पाळी नसली तरी तिथेच बसून दुसऱ्याच्या गुरांना नावं ठेवतात. इनाक रुमेना, म्हणजे रुमेनाची आई, ही त्या गोठ्यातली एकुलती एक बाई. नवरा मलेशियात तेलताडाच्या मळ्यात राबत होता, म्हणून हाजी महसूनचा तांबडा गोऱ्हा तिने वाढवायला घेतला होता. वाढीतला अर्धा वाटा तिचा. पण हाजीने बजावलं होतं, "चार महिने बघेन. भरला नाही, तर दुसऱ्याच्या हाती देईन."

दिवस कोरडे. सगळे नुसता भाताचा पेंढा टाकत. इनाक मात्र पेंढ्यासोबत रोज बांधावरच्या हादग्याचा दोन कवळे पाला घाली. शेळ्या यावर अंग धरतात, मग गोऱ्ह्याने काय पाप केलंय?

महिन्याला ती गोऱ्ह्याच्या पोटाभोवती दोरी गुंडाळी आणि गाठ मारी. गावात सगळे असंच मोजत. मोठं पोट म्हणजे मोठं जनावर! चौथ्या महिन्यात पोट आधीच्या गाठीपर्यंत पोचलंच नाही, दोरी चक्क वीतभर उरली. तिने परत गुंडाळून पाहिली, तरी तेवढीच.

"अगं इनाक, झाडपाल्यावर वाळवलंस की त्याला!" शेजारच्या दावणीचा जुमेदिल खिदळला. "माझा बघ, कसा नगारा झालाय!"

दुसऱ्याच दिवशी हाजी आला. पोट बघून त्याने तोंड वाकडं केलं. "दोरी सोड. आजपासून जुमेदिल सांभाळेल."

पण जीभ गप्प बसली तर ती इनाक कसली! "न्या की. पण आधी बाजारातल्या काट्यावर चढवा. घेताना एकशे एकतीस किलो भरला होता. डोळे काय, कुणाचेही चुकतात!"

"माझे?"

"तुमचे नाही, हाजी. दोरीचे!"

हाजी हसला आणि फसला. तो, इनाक आणि मजा बघायला निघालेला जुमेदिल, तिघं गोऱ्ह्याला घेऊन गुरांच्या बाजारात पोचले. गोऱ्हा काट्याच्या फळ्यांवर उभा राहिला. इनाकने डोळे मिटले आणि बिस्मिल्ला पुटपुटली.

"एकशे एकोणऐंशी," काटेवाला म्हणाला.

"परत बघ," हाजी म्हणाला.

"हाजी, काटा काय तुमच्या भीतीने वाढेल? एकशे एकोणऐंशी!"

अठ्ठेचाळीस किलो! इनाकला नाचावंसं वाटलं. माणसं होती म्हणून तिने नुसतं जुमेदिलच्या पाठीत एक धपाटा घातला.

काटेवाल्याने इनाकचा हात धरून गोऱ्ह्याच्या पाठीवर ठेवला. "नुसता पेंढा पोटात साचून राहतो, म्हणून पोट लोंबतं. पाल्यामुळे तो पचतो. ते पोट इथे चढलंय बघ. मोजायचं ते छातीला." पाठ मऊ, भरलेली. रोज खरारा करणारा हात तिचाच, आणि तिलाच कळलं नव्हतं.

हाजीने गोऱ्ह्याची दोरी परत इनाकच्या हातात दिली.

"जुमेदिल," तो म्हणाला, "तुझा नगारा आण रे. तोही चढवू."

"आज नको, हाजी," जुमेदिल घाईघाईने म्हणाला. "इनाक, तुझ्या बांधावरचा थोडा पाला देशील का गं?"