पहिली आली यशोदा, नाव लागलं माझं

शाळेच्या ग्रुपवाल्यांनो, यशोदाच्या फोटोखालचं 'आपल्या शाळेचा अभिमान' आधी काढा.

ती आज पहाटे वारली. नागपूरला, मुलाच्या घरी. आता तरी खोटं बोलू नका.

मारेगावकडच्या आमच्या गावात हायस्कूल निघालं ते छप्पनच्या धर्मांतरानंतर दोनेक वर्षांनी. इमारत श्रमदानाची. पायाचे दगड फोडले यशोदाच्या वडिलांनी आणि त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी. उद्घाटनाच्या फोटोत त्यांच्यापैकी एकही नाही.

माझे बाबा त्या शाळेत क्लार्क होते.

आठवीत आम्ही दोनच मुली. मी आणि यशोदा. एकच बेंच.

अॅडमिशनच्या दिवशी मी ऑफिसातच होते. हेडमास्तर तिच्या वडिलांना म्हणाले, "जुनी जात लिहा. फी माफ होईल. बौद्ध लिहिलं तर सवलत नाही."

वडील हात जोडून उभे होते, पण आवाज पक्का होता. "फी भरतो सर. पन तो शब्द लिहू नका. आमी सोडला थो."

बाबांनी मान डोलावली. आणि ते गेल्यावर रजिस्टरात जुनाच शब्द लिहिला.

मला म्हणाले, "त्यांच्याच भल्याचं आहे."

वडील मात्र चार वर्षं मोलमजुरी करून फी भरतच राहिले. रजिस्टरप्रमाणे माफ असलेली ती फी कोणी नाकारली नाही.

मॅट्रिकला यशोदा शाळेत पहिली आली. मी दुसरी.

सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा तिने तो शब्द वाचला. तिथल्या तिथे टेबलावर परत ठेवलं.

"हे माहं नाही, सर. दुरुस्त करून द्या."

हेडमास्तर लालबुंद झाले. "शाळेनं शिकवलं, आणि शाळेलाच उलट बोलतेस?"

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. गुणवंतांचा फलक रंगवायला. पहिल्या ओळीत नाव लिहिलं गेलं माझं.

मी घरी रडले. बाबांना म्हटलं, यशोदा पहिली आहे, तुम्ही सांगा ना सरांना.

"तुझं नाव आलंय ना? मग गप जेव."

मी जेवले.

मी कॉलेजात गेले. यशोदाचं मात्र सर्टिफिकेटशिवाय सगळं अडलं. वर्षभर ती कापूस वेचत होती, आणि जमेल तेव्हा यवतमाळला शिक्षण खात्याच्या ऑफिसात चकरा मारत होती. एकटी. सतरा वर्षांची मुलगी.

शेवटी दुरुस्ती करूनच घेतली. ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाली, झरी जामणीकडच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. यात आपल्या शाळेचं काय आहे, कोणी सांगेल का?

सुवर्णमहोत्सवाला मी कमिटीला पत्र दिलं. फलक दुरुस्त करा, माझं नाव खाली घ्या.

अध्यक्ष हसले. "आता जुनं काहून उकरून राह्यल्या मॅडम? सगळे खूश हायेत."

मी पत्र परत घेतलं. हेही लिहून ठेवते.

मागच्या दिवाळीत हिंमत करून तिच्याकडे गेले. म्हटलं, "यशोदा, चुकलं माझं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."



"हो, बोलाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. "माह्या बापाले लय आशा होती तुह्यावर. म्हने, क्लार्कसायेबाची पोरगी सांगनच कोनाले तरी. मैतरीन हाये ना तुही?"

मग म्हणाली, "मरेपर्यंत म्हनत राह्यला थो."



चहा तिनेच केला. बशीत ओतून शांतपणे प्यायली. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

बरोबर केलंस यशोदा.

श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. नुसता निरोप घेते.