इस्त्रीवाल्या काकांचं परराष्ट्र धोरण

आमच्या कॉलनीतले इस्त्रीवाले काका कपडे गुंडाळायच्या रद्दीतलं परदेशाचं पान आधी वाचून काढतात. रद्दी महिनाभर जुनी, त्यामुळे ज्या युद्धात तह होऊन गेलाय, त्यात काका अजून लढत असतात. एखाद्या देशात आपसात लढाई जुंपली आणि तिसऱ्याने फौज घुसवली, की मला हमखास विचारतात, "सर, हे मधे कशाला गेले?"

"लोकांना वाचवायला गेले असतील."

"फुकट कोणी जात नाय," काका कॉलरवर इस्त्री दाबून म्हणतात. "तेल हाय, नायतर बंदर हाय. नीट शोधा."

परवा रविवारी शेजारच्या मिसळीच्या दुकानातले दोघे भाऊ कडाकडा भांडले. दुकानात मधोमध भिंत घालायची भाषा सुरू झाली. काकांनी माझा शर्ट अर्धवट टाकला, इस्त्री उभी केली आणि थेट आत घुसले. थोरल्याला रश्श्याच्या पातेल्यापुढे उभं केलं, धाकट्याला मटकीकडे ढकललं, आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "बसा, पाच मिनिटांत येतीय." दोघं धुसफुसत कामाला लागले. थोड्या वेळाने थोरल्याने धाकट्याकडे पापड मागितला, तसे काका परत आले.

मी वाटच बघत होतो. "काका, तुम्ही मधे कशाला गेलात?"

काकांनी शर्टावर पाणी शिंपडलं. लाजले, पण खोटं बोलले नाहीत.

"रस्सा थोरल्याचा, मटकी धाकट्याची. भिंत घातली असती तर मी रविवारी काय खायचं, सर?"