चांगलं ते विहिणीला

स्वतःसाठी काही विकत घ्यायचं म्हटलं की ज्यांना घाम फुटतो अशा समस्त माणसांचं संमेलन भरलं, तर त्याचं अध्यक्षपद माझ्या शेजारीणबाईंकडे बिनविरोध चालून येईल, आणि तीनदा "नको, नको" म्हणून त्या ते शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला देऊन टाकतील. त्या मूळच्या चीनमधल्या एका आडगावच्या. इथे आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला येऊन त्यांना वीसेक वर्षं झाली. नवरा गेल्यापासून एकट्याच असतात आणि नदीजवळच्या गल्लीत कपडे घट्ट-सैल करून द्यायचं छोटंसं दुकान चालवतात. मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आले तेव्हा सुरुवातीला दिवसचे दिवस खिडकीत उभी राहून नदीवरून सरकत येणारं धुकं बघत असे. त्याच धुक्यातून एके सकाळी एक ठेंगणी बाई थर्मास घेऊन दारात आली, "गार पाणी पीत जाऊ नकोस" एवढंच म्हणाली आणि थर्मास माझ्या हातात देऊन परत धुक्यात गेली. तेव्हापासून मी त्यांना ताई म्हणते. त्यांच्याकडेही मोठ्या बहिणीला नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे हा शब्द त्यांना फार आवडला.

ताईंच्या घरात दोन बायका राहतात असं मला नेहमी वाटतं. एक जॅमच्या रिकाम्या बरणीतून गरम पाणी पिते, थंडीत हीटर लावण्याऐवजी स्वेटरवर स्वेटर चढवते आणि टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक गुंडाळून ठेवते. (हे शेवटचं बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.) दुसरी, पाहुणा दारात दिसला की अख्खा मासा वाफवते, नवे कप काढते आणि कॅफेत गेलं की हात धुवायचा बहाणा करून आपल्याआधी बिल देऊन येते. तिच्याशी बिलावरून झटापट करताना एकदा माझ्या बाहीची शिवण उसवली. ती ताईंनीच शिवून दिली, फुकट. त्यांच्या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी एक मोठे गुरुजी होऊन गेले. त्यांनी आईबापांचा मान, थोरल्यांचा मान, पाहुण्यांचा मान असे सगळे मान लावून दिले, पण त्या रांगेत आपला स्वतःचा नंबर कुठे लागतो हे सांगायचं बहुधा राहून गेलं, असा माझा समज आहे. ताई तरी अजून रांगेतच उभ्या आहेत.

त्यांच्या लहानपणी म्हणे सायकल, घड्याळ आणि शिलाईचं मशीन एवढं घरात असलं की मुलाचं लग्न चुटकीसरशी जमायचं. मग दिवस पालटले. ताईंच्या भावाने पहिला सूट घेतला तेव्हा बाहीवरचं कंपनीचं लेबल तसंच ठेवून तो गावभर मिरवला, कारण लेबल काढलं तर सूट चांगला आहे हे लोकांना कळणार कसं? आणि इथे ताईंच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं महागडा कोट आणून म्हणतात, मानेला टोचतंय, तेवढं लेबल कापून टाका. ताईंचा जीव वरखाली होतो. "तुझा तो कोपऱ्यावरचा माणूस," त्या मला सांगतात, कारण कुणाही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणायची इथली रीत त्यांच्याही अंगात मुरलीय, "एवढी जमीन, एवढी गुरं, आणि स्वेटरला कोपरावर भोक! ह्याच्या आईला काय वाटत असेल?"

तर अशा ह्या बाईंना डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एक लेकीने पहिल्या पगारातून एक पर्स आणून दिली. पर्स म्हणजे काय, नुसतं नाव ऐकून दुकानदार खुर्ची पुढे करेल अशी. ताईंनी ती तिच्या मऊ पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोकं बेडरूममधल्या कपाटात ठेवलं, ते वर्षानुवर्षं तिथेच. वर्षातून एकदा, त्यांच्या नववर्षाला, भावाचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा पर्स बाहेर पडायची आणि ताईंच्या मागच्या खुर्चीवर, बरोबर कॅमेऱ्यात येईल अशी, पाहुण्यासारखी बसायची. भावाने नव्या गाडीभोवती फोन फिरवून दाखवला की ताई जराशा बाजूला सरकायच्या. कॉल संपला की पर्स पुन्हा कपाटात आणि ताई जुनी कापडी पिशवी खांद्याला लावून बटाटे आणायला बाहेर.

गेल्या हिवाळ्यात लेकीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, आयरिश, ट्रामोरच्या समुद्राजवळ घर, दारात घोडे, कुत्री. सप्टेंबरात लग्न आणि त्यानंतर दोघं ऑस्ट्रेलियाला जाणार. मुलाच्या आईने ताईंना चहाला बोलावलं. आता, मुलीकडच्यांनी पहिल्यांदा विहिणीच्या घरी जायचं ते रिकाम्या हाताने कसं? ताईंनी चार दिवस विचार केला, चहाचे डबे बघितले, रेशमी रुमाल बघितले, आणि शेवटी कपाटातलं ते खोकं, पिशवीसकट, पर्ससकट, दोन्ही हातांनी विहीणबाईंना अर्पण करून आल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "ग्रँड झालं सगळं." चेहरा कन्या सुस्थळी पडल्याचा.

विहीणबाई मोकळ्या मनाच्या. त्यांना पर्स मोठी आणि सोयीची वाटली. महिन्याभराने लेक होणाऱ्या सासरी गेली, तर तबेल्याच्या दारात सासूबाई त्याच पर्समधून गाजरं काढून घोड्याला भरवताना दिसल्या.

लेक तिथून निघाली ती तडक माझ्या स्वयंपाकघरात. मी चहा ठेवतेय तोवर मागच्या दाराने ताई चिरलेल्या सफरचंदाची बशी घेऊन हजर झाल्या. विहीणबाईंचा फोन येऊन गेल्यामुळे त्यांना सगळं समजलं होतं.

"मॅम, ती मी तुला दिली होती," लेक म्हणाली; इथल्या मुलांसारखं आईला ती मॅमच म्हणते. "तुला!"

"मग काय द्यायचं होतं? तुझ्या तोडीची तेवढी एकच वस्तू होती माझ्या घरात. साधंसुधं दिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मुलगीही साधीसुधीच आहे."

लेकीचे डोळे भरले होते. "तुला काहीही दिलं ना," ती हळूच म्हणाली, "तर ते तुझ्यापर्यंत पोचतच नाही. मी एवढ्या लांब जाणार आहे. तिथून काय पाठवू मी तुला?" आणि सफरचंदाला हातही न लावता ती निघून गेली. ताई बशीकडे बघत बसल्या. मला वाईट वाटत होतं ते दोघींचंही, कारण आमच्याकडेही कपाटातली सगळ्यात चांगली साडी विहिणीच्या ओटीत जाते, आणि ती कुणी हौसेने आणून दिली होती हे आपण विसरून जातो.

कित्येक आठवडे लेकीचा फोन आला नाही. ताई दुकानात मशीनवर पाय ठेवून नुसत्याच बसलेल्या असायच्या. मग एका शनिवारी ती आली आणि चपला न काढता म्हणाली, "चल. तुझ्यासाठी काहीतरी घ्यायचं. तू निवडायचंस. मी एक शब्द बोलणार नाही." साक्षीदार म्हणून मलाही ओढलं. गावातल्या मोठ्या दुकानात विक्रेतीने हसून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" ताई माझ्याकडे बघायला लागल्या, मग लेकीकडे. परीक्षेत भलताच पेपर हातात आल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नसावा. मी मनातल्या मनात स्वतःला विचारून बघितला, तर मलाही पटकन उत्तर सुचेना. त्या दिवशी काहीच घेतलं नाही. "असू दे, मॅम. सावकाश," लेक म्हणाली, "पुढच्या शनिवारी परत येऊ."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळच्या गाडीने लेक येते. दोघी दुकानात जातात, स्वेटर चाचपतात, बूट उलटे करून शिवण बघतात, चहा पितात, गप्पा मारतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. लेक मला हसत सांगते, "होपलेस आहे गं मावशी ही." पण आता ती आईच्या हातात हात घालून चालते.

जूनमधल्या एका संध्याकाळी, इथला उजेड जायचं नावच घेत नाही अशा वेळी, ताई आणि मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होतो. नदीकडून गवताचा वास येत होता. ताई एकदम म्हणाल्या, "निळा कोट."

"काय?"

"दुकानात शिरल्यावर उजव्या हाताला आहे. पहिल्याच शनिवारी आवडला मला."

"अहो ताई, मग घेतला का नाही?"

त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन आपण धरली आणि घडी घालत घालत माझ्याजवळ आल्या. "घेतला की मग पुढच्या शनिवारी ती कशाला येईल? तू सांगू नकोस हं तिला."

मी अजून सांगितलेलं नाही. परवा त्या दुकानावरून जाताना आत डोकावले, तर कोट तिथेच होता, उजव्या हाताला. सप्टेंबरपर्यंत तरी कुणी तो घेऊ नये असं मला फार वाटलं.