कॉलेजच्या खात्यातून एसीचा कोर्स

आमच्या घरात शिक्षणाच्या पैशाला कोणी हात लावत नाही. माझ्या वडिलांनी घराचं छप्पर गळू दिलं, पण माझी फी थकू दिली नाही. म्हणून लेक झाली तेव्हा मी पाळणा आणायच्या आधी तिच्या कॉलेजसाठी बचत खातं उघडलं. बायको अजून ऐकवते. तेव्हा आम्ही अमेरिकेत होतो, आणि आम्ही राहायचो त्या राज्यात अशा खात्यात पैसे टाकले की राज्याच्या करात सूट मिळायची. दरवर्षी ती सूट घेताना मी स्वतःला फार हुशार समजायचो. पुढे बहरीनमध्ये नोकरी लागली, तिथल्या सनद गावात भाड्याने घर घेतलं, खातं तिकडेच वाढत राहिलं.

बारावी झाल्यावर लेक म्हणाली, कॉलेज नको, मला एसी आणि कूलिंग प्लांटचं काम शिकायचंय. राजधानी मनामातल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये तसा कोर्स होता. माझा पारा चढला. काही दिवस मी तिच्याशी धड बोललोही नाही. ती मात्र सेंटरचं वर्कशॉप बघून आली आणि जेवताना कॉम्प्रेसरबद्दल बोलतच सुटली. शाळेच्या कुठल्याच विषयाबद्दल तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी मीच नमलो. म्हटलं, जा, खात्यातले पैसे काढून फी भरू.

इथे मी माती खाल्ली. आखातात वर्षं काढली की इन्कम टॅक्स नावाची गोष्ट माणूस विसरूनच जातो. "आपण बहरीनला आहोत, टॅक्स मफी, नाहीच मुळी," असं बायकोला ठणकावून सांगितलं आणि अमेरिकेतल्या आमच्या जुन्या कर सल्लागाराला केवळ रीत म्हणून फोन लावला.

तो म्हणाला, "हे सेंटर इथल्या सरकारमान्य कॉलेजांच्या यादीत नाही. म्हणजे काढलेल्या पैशात जेवढी वाढ असेल तिच्यावर कर, वर दंड. शिवाय राज्याने तेव्हा दिलेली सूट राज्य परत मागणार."

"अहो, आम्ही ते राज्य कधीच सोडलं."

"तुम्ही सोडलंत हो. पण सूट घेतली होती ना?"

फोन ठेवल्यावर मी त्या राज्याचा यथेच्छ उद्धार केला. बायको म्हणाली, "चिडून ते माफ करणार आहेत का?" तेवढ्यात दारात उभी असलेली लेक म्हणाली, "पप्पा, इट्स ओके. मी कुठलीतरी डिग्री करते. उगाच टॅक्स नको भरायला."

कुठलीतरी. हा शब्द मला फार लागला. तिच्या शिकण्यासाठी साठवलेले पैसे वाचावेत म्हणून ती नको ते शिकायला तयार झाली होती. माझा राग जागच्या जागी विरला आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला आणि या वेळी नीट ऐकून घेतलं. फीपुरतेच पैसे काढले तर कर, दंड आणि करसवलतीची परतफेडही तेवढ्यापुरतीच. बाकीचे पैसे खात्यात तसेच राहणार, पुढे कधी कॉलेजसाठी लागले तर त्यांवर करही नाही. मी फीपुरते काढले आणि राज्याचं देणं चुकतं केलं. जिवावर आलं, खोटं कशाला सांगू?

आता प्रॅक्टिकलसाठी ती एका कूलिंग कंपनीच्या बसने सित्राच्या कारखान्यांच्या भागात जाते. जड बूट, कपड्यांना तेलाचा वास, तोंडाला खळ नाही. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात घरी आली ती बूट न काढताच वहीत प्लांटची आकृती काढत बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, प्लांट बंद पडला तर चालू करता येतो, पण तो मुळात तसाच का बांधलाय ते सरांनाही सांगता आलं नाही.

"पप्पा, हे डिझाइन करायला कुठे शिकवतात?"

मला फार आनंद झाला; हे तर कॉलेजातच शिकवतात, आणि खात्यात बाकीचे पैसे होतेच. म्हटलं, "आधी जेवून घे. मग बसून शोधू."