चेहऱ्याची सुट्टी

काल प्लांटवरचा पहिलाच दिवस आणि सेफ्टीवाल्याने मला गेटवरूनच परत पाठवलं. "दाढी करून या. खुंट असले की मास्क नीट बसत नाही, गॅस आत शिरतो."

म्हणून आज सकाळी बेलवलीच्या घरात पप्पांचा जुना रेझर शोधला. ब्रशने साबणाचा फेस केला, तोच चंदनाचा वास. दोन ठिकाणी कापलं, तुरटी फिरवली, गालाची नुसती आग आग झाली. आणि माझं डोकंच फिरलं.

पप्पाही याच अंबरनाथ एमआयडीसीत, केमिकल कंपनीत होते. ड्यूटीवर जाताना रोज दाढी, तीही खालून वर उलटा हात मारून, एकदम गुळगुळीत. रविवारी मात्र ब्रशला शिवायचे नाहीत. सातवीत माझा बक्षीस समारंभ नेमका रविवारी आला. मी दारातच अडवलं त्यांना. "कंपनीसाठी चकाचक, आणि माझ्या शाळेत असे येणार?"

पप्पांनी गालावरून हात फिरवला. लालसर, सोलवटलेला गाल.

"आज चेहऱ्याला सुट्टी असते रे."

"मग येऊच नका!"

ते आले, पण शाळेच्या फाटकाबाहेरच उभे राहिले.

अहो पप्पा, मास्कचं ते एक वाक्य सांगायला तुमचं काय जात होतं? आता तुम्ही नाही, मी भांडू कुणाशी?

आणि गाल एवढा लाल का, हे विचारायला माझं तरी काय जात होतं?